दुसरा हात

"हे ऐकून विश्वास ठेवलात, तर मीच तुम्हाला वेड्यात काढीन," केरू पेंटरनं सुरुवात केली, आणि समाजमंदिरातल्या खुर्च्या आपोआप त्याच्याकडे वळल्या.

वेळसुऱ्यात केरू खरवते खोटं बोलतो असं कुणी म्हणत नसे. खाडीकाठच्या अर्ध्या भिंती त्यानं रंगवलेल्या, आणि उरलेल्या गावाला त्याच्या गोष्टींनी रंगवलेलं. सदुसष्टाव्या वर्षीही त्याची सुरुवात ठरलेली: आधी विश्वास ठेवू नका म्हणायचं, मग समोरच्याच्या ताटातली भाजी निवेपर्यंत उठू द्यायचं नाही. आज तर हक्काचं गिऱ्हाईक होतं. लेकीच्या लेकीचं बारसं, दीडेकशे माणसं, पान वाढायला उशीर. बाळाची आत्या पैलतीरावरून बॅटरीच्या लाँचनं यायची होती आणि लाँच वाळूत रुतली होती. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?

निमित्त जावयाच्या सांगलीच्या मामांनी दिलं. पाळण्यामागच्या लांबलचक भिंतीकडे बघत ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या भिंतीला एक खिडकी नाही. पलीकडे आहे काय?"

"पलीकडे काकडी आहे," केरू म्हणाला. "म्हणजे, होती."

मग त्यानं सांगितलं. पलीकडे बंद पडलेल्या फवारणीच्या औषधांच्या कारखान्याचं आठ नंबरचं गोदाम. त्याच्या पोटात खड्डा, खड्ड्यात पिंपं, पिंपांत एक पातळ औषध. त्याला नुकत्या चिरलेल्या काकडीचा वास येई, म्हणून कामगारांनी त्याचं नाव काकडी ठेवलेलं. माणूस दोन तास त्या वासात बसला तरी त्याला काही होत नसे. घरी जायचा, जेवायचा, गाढ झोपायचा, आणि सकाळी त्याची छाती भरलेल्या घागरीसारखी डुचमळायची. मालक परदेशात निघून गेले. काकडी राहिली.

"मग एक डॉक्टरबाई आल्या पुण्याहून, प्रयोगशाळेतल्या. त्यांनी रंग आणला. त्या रंगात शिरलेली काकडी अशी चालते, जसा आमचा तुका भंडारी ताडी पिऊन भाताच्या तरव्यात शिरला होता. दाट रोपं. एक पाऊल पुढं, दोन मागं, एक आडवं. बांध दहा हातांवर, पण बाहेर पडला तो दुसऱ्या दिवशी, तोही बायकोच्याच पुढ्यात." बायका हसल्या. "एका हाताला तीन वर्षं टिकाव. मी मारले दोन हात. आणि सहाव्या वर्षी, सांगतो तुम्हाला, ह्या भिंतीतून काकडी बाहेर आली. पोफळीएवढी उंच, हिरवीगार, अंगावर लव. मी चुन्याची बादली घेतली आणि कुंचल्यानं तिला हाणत हाणत खाडीत नेऊन बुडवली. पुढं आठ दिवस सुरमई कापली की आत बिया सापडायच्या."

हसण्याचा गदारोळ झाला. शेवंता, केरूची लेक, मांडीवरच्या बाळाचे कान झाकत म्हणाली, "बाबा, हिला तरी खरं काहीतरी ऐकू द्या."

एकटी विहीण हसली नाही. इंदुमतीबाई गोठणकर चौतीस वर्षं वेळसुऱ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शेवंता त्यांची विद्यार्थिनी, मग सून. केरू आयुष्यात परांचीवरून, शिडीवरून, एकदा तर देवळाच्या शिखरावरून पडला होता, पण घाबरायचा तो फक्त या बाईंच्या चष्म्याला.

"व्याही," त्या म्हणाल्या, "किती हात मारलेत म्हणालात?"

"दोन."

"आणि एका हाताला तीन वर्षं, हे त्या डॉक्टरबाईंचं मोजमाप."

"त्यांचंच."

"मग सहाव्या वर्षी काकडी येणारच नाही. तुमचा दारुडा गणितात नापास आहे."

पुन्हा हशा पिकला. केरूही हसला, पण हसू गालावर आलं आणि तिथंच अडकलं.

कारण त्या गोष्टीतला खरा भाग त्यानं कधीच कुणाला सांगितला नव्हता.

डॉ. मृण्मयी अष्टपुत्रे ही तिशीतली, सायकलच्या क्लिपनं केस बांधणारी बाई होती. गोदामाच्या उंबऱ्यावर बसून, वडापाव खात तिनं केरूला सगळं समजावलं होतं. "केरूभाऊ, हा रंग नाही. हा वाळला की भिंतीवर कोट्यवधी लांब साखळ्या उभ्या राहतात. प्रत्येकीचं एक टोक सिमेंटला घट्ट, दुसरं मोकळं. त्या स्थिर नसतात, सारख्या वळवळतात. दोन साखळ्यांमध्ये क्षणभर फट पडते, तेवढ्यात काकडीचा रेणू एक पाऊल टाकतो. पण कुठं जायचं ते त्याला ठाऊक नसतं. पुढं, मागं, बाजूला, जिथं फट पडेल तिथं."

"म्हणजे आतच फिरत राहणार."

"नाही," ती म्हणाली होती. "त्यांतला एखादा कधीतरी बाहेर पोचतोच. मग आणखी एक. मग रांग लागते. थांबवणारा रंग अजून कुणी केलेला नाही, केरूभाऊ. हा फक्त उशीर करणारा आहे."

ते वाक्य केरू बारा वर्षांत विसरला नव्हता.

पिंपं काढणारी यंत्रं देशात दोनच होती, आणि ती फक्त जिथं गळती सिद्ध झाली आहे तिथं जात. म्हणून बाईंनी युक्ती केली होती. भिंतीला आतून बरोब्बर एक हात. बाहेरच्या बाजूनं एक यंत्र, बशीएवढं, गाव त्याला 'नाक' म्हणे. पिंपं गळत असतील तर तीन वर्षांनी वासाचा पहिला धागा भिंतीबाहेर येईल, कुणाला बाधणार नाही इतका बारीक, आणि नाकाचा दिवा लाल होईल. लाल झाला की यंत्र येईल. हिरवाच राहिला तर पिंपं धड आहेत, जागा मोकळी. "म्हणून जाडी ठरलेली हवी," तिनं दोनदा बजावलं. "दुसरा हात मारायचा नाही."

जाडी मोजून, समाधानानं मान हलवून ती पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी केरू कुंचले न्यायला आला. तिरपं ऊन भिंतीवर पडलं होतं आणि प्रत्येक फटकारा दिसत होता. चाळीस वर्षांत त्यानं एका हातावर भिंत सोडली नव्हती. एका हाताची भिंत म्हणजे बनियनवर लग्नाला जाणं. डबे उरले होते, दार उघडं होतं. शिवाय त्याच्या मनात आलं, विषच ते, दोन पदर झाले तर बरंच की. जेवायच्या सुट्टीपर्यंत दुसरा हात मारून झाला. भिंत आरशासारखी झाली. तो खूश होऊन घरी गेला.

तीन वर्षं नाकाचा दिवा हिरवा राहिला. जागा मोकळी जाहीर झाली, नाक काढून दुसऱ्या गावाला नेलं, आणि भिंत आयती आहे म्हणून तिच्या पाठीला पाठ लावून समाजमंदिर उभं राहिलं. पायाभरणीच्या दिवशी पेढा तोंडात असताना केरूला कळलं की आपण काय करून बसलो. दिवा हिरवा होता तो पिंपांमुळे की दुसऱ्या हातामुळे, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. सांगायचं तर पुण्याला जाऊन कबूल करावं लागलं असतं. तो निघाला होता दोनदा. एकदा जेटीपर्यंत, एकदा एसटी स्टँडपर्यंत.

मग त्यानं आपल्यापुरता हिशेब मांडला. एका हाताला तीन, दोन हातांना सहा. सहाव्या वर्षी तो रोज सकाळी भिंतीला नाक लावून उभा राहायचा. गावाला वाटलं म्हाताऱ्याला भिंतीचा लळा लागला. वर्ष सरलं, वास आला नाही. पिंपं धड आहेत, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती हिरवीगार, लव असलेली काकडी त्याच्या गोष्टीत चालायला लागली. भीतीला पाय फुटले की ती बाहेर हिंडते, घरात बसत नाही, असा त्याचा अनुभव होता.

"नापास कसा?" त्यानं आता विहिणीला विचारलं.

इंदुमतीबाईंनी हातातली अक्षतांची वाटी खुर्चीवर ठेवली. शिकवायची संधी त्या सोडत नसत. "शुद्धीतला माणूस दुप्पट अंतर दुप्पट वेळात चालतो. दारुडा नाही. तो पुढं आला तरी अर्धा वेळ मागंच जातो. त्याला दुप्पट लांब जायला चौपट वेळ लागतो, तिप्पट लांब जायला नऊपट. म्हणजे जाडी दुप्पट झाली की तीन वर्षांची सहा होत नाहीत. तीन चोक बारा."

"बारा," केरू म्हणाला.

"आणि रंग लावलात तेव्हा शेवंता आठवीत होती, माझ्या वर्गात. तिच्या वहीवर तुमच्या सहीशेजारी करड्या बोटांचे ठसे असायचे, मी दर वेळी ओरडायची. दोन हजार पस्तीस साल. मार्गशीर्षच होता." त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं. "आज सत्तेचाळीसचा मार्गशीर्ष. तुमची काकडी यायचीच झाली, तर या आठवड्यात यायला हवी. खाडीत बुडवलीत ती दुसरीच कुणीतरी असणार."

सगळं समाजमंदिर हसलं. "बादली आणा रे चुन्याची," कुणीतरी ओरडलं.

केरू उठला. पाळण्याला बांधलेली झेंडूची फुलं सरळ करायच्या निमित्तानं तो भिंतीशी गेला. पाळणा भिंतीपासून हातभरावर होता, कारण छताचा हूक तिथंच होता. त्यानं वाकून श्वास घेतला.

अगरबत्ती. झेंडू. नव्या दुपट्याचा वास. आणि त्यांच्या खाली, ओलसर, गार, देठाकडच्या कडवटपणासकट, नुकतीच चिरलेली काकडी.

त्यानं पुन्हा वाकून श्वास घेतला. तोच वास.

स्वयंपाकघर पार्टिशनच्या पलीकडे बारा पावलांवर होतं. आत विळ्या चालू होत्या, ताटं वाजत होती. बारशाच्या जेवणाला कोशिंबीर असतेच. जाऊन झाकण उचललं की झालं. पण तो गेला नाही. कोशिंबीर काकडीची निघाली तर ठीक. नाही निघाली तर, ते कळल्यावर आपल्याला उभं राहता येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

"वास कसला छान सुटलाय हो," सांगलीचे मामा म्हणाले. "गारेगार वाटतं."

"कोशिंबिरीला काकडी कोवळी मिळालेली दिसते," केरू म्हणाला.

इंदुमतीबाईंनी मान वर केली. चष्म्याआडून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. केरूनं नजर वळवली.

आता काय करायचं? पळा म्हणून ओरडावं तर एकच दार, खाली अकरा पायऱ्या, म्हातारी माणसं, पोरं, पाटावरची समई. आणि ओरडणारा कोण, तर केरू पेंटर. माणसं पळणार नाहीत, खुर्च्या आणखी जवळ ओढतील. पहिला धागा बाधत नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण ते तीन वर्षांच्या धाग्याबद्दल. इथं बारा वर्षांचं साचलेलं, भिंतीला नाक नाही, मंदिराला खिडकी नाही, आणि जेवणं व्हायला दोन तास. दोन तासांनी सगळे खुशीत घरी जाणार होते. गाढ झोपणार होते.

एकोणीस दिवसांचं बाळ शेवंतेच्या मांडीवर जांभई देत होतं.

केरूनं टाळ्या वाजवल्या.

"ऐका. एक राहिलं. आमच्या खरवत्यांत बाळ पाळण्यात घालायच्या आधी खाडीला दाखवायची रीत आहे. बारशाला आलेला एकूणएक माणूस बरोबर लागतो. चुली विझवायच्या, दार सताड उघडं टाकायचं, आणि भरती उतरायच्या आत पाण्याशी जायचं."

"हे तुम्ही आत्ता सांगताय?" जावई शर्विल म्हणाला. "अहो, माणसं भुकेजलीत."

"भाताला झाकण आहे. भात कुठं जात नाही."

"मी इथूनच हात जोडतो," नव्वदीचे नाना गोठणकर कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले. "माझे गुडघे रीत पाळत नाहीत."

"नाना, एक माणूस मागं राहिला तरी नाव लागत नाही बाळाला."

कुरकुर सुरू झाली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी मोबाईल. उठलं कुणीच नाही. आयुष्यभर लोकांना बसवून ठेवायचं शिकलो, उठवायचं कसं ते शिकलोच नाही, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात इंदुमतीबाई उभ्या राहिल्या. "उठा सगळे," त्या म्हणाल्या. "रीत म्हणजे रीत. दोन-दोनच्या रांगा. पोरांचे हात मोठ्यांनी धरायचे. शर्विल, मामांना घे आणि नानांना खुर्चीसकट उचला."

इतक्या वर्षांच्या ओळखीत या बाईंनी त्याच्या कुठल्याही वाक्याला मान डोलावली नव्हती. केरू बघतच राहिला. पण अर्धं वेळसुरं त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. त्या आवाजाला उठायची सवय पायांत मुरलेली होती. खुर्च्या सरकल्या. रांग दाराकडे निघाली.

शेवंता जागची हलली नव्हती. "बाबा, अशी रीत मला कधी—"

"शेवंते," केरू म्हणाला.

एवढंच. पण ती सहा वर्षांची असताना विहिरीच्या काठावर गेली होती, तेव्हा त्यानं अशीच हाक मारली होती, आवाज न चढवता. तिनं बाळ छातीशी धरलं आणि मागं न बघता चालू लागली.

केरू शेवटी राहिला. त्यानं न्हाणीघर बघितलं, चपलांच्या फळीमागं बघितलं, तिथं लपलेल्या दोघा पोरांना कान धरून बाहेर काढलं. स्वयंपाकघरात आचारी शेगडी बंद करून पदार्थांवर झाकणं ठेवत होता. "चला, चला," केरूनं त्याला पाठीवर हात ठेवून ढकललं. ओट्यावर स्टीलचं मोठं पातेलं होतं, त्यावर ताट झाकलेलं. केरूचा हात ताटापर्यंत गेला. धातू गार लागला. त्यानं हात मागं घेतला आणि श्वास रोखून अकरा पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की इथं बाहेरही त्याचा श्वास अजून रोखलेलाच आहे.

जेटीवर वारा समुद्राकडून येत होता, खारा, मासळीचा, त्याला कधी आवडला नव्हता एवढा आवडला. दूर रुतलेली लाँच सुटून येताना दिसत होती, आत्या उभी राहून ओढणी हलवत होती. माणसं उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी. नाना खुर्चीत बसून सगळ्यांकडे देवासारखे बघत होते. इंदुमतीबाई जेटीच्या टोकापासून मागं येत, बोट हलवत, ओठ हलवत माणसं मोजत होत्या, सहलीला नेलेल्या वर्गासारखी.

"आता काय करायचं?" शर्विलनं विचारलं.

"आता," केरू म्हणाला, "बाळाला पाण्याचा..." आणि थांबला. पोफळीएवढी काकडी ज्याच्या तोंडातून सहज बाहेर पडायची, त्या तोंडाला एक ओळ सापडेना. त्यानं समाजमंदिराकडे बघितलं. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं, पाळणा आपला आपण थोडा हलत होता. कोशिंबीर असेल, तो मनात म्हणाला. काकडीचीच असेल. लोक हसतील, वर्षभर हसतील, हसू देत.

"पाण्याचा काय?" मामा म्हणाले. "भूक लागली हो."

"एकशे एक्केचाळीस," इंदुमतीबाई म्हणाल्या. "बाळ धरून. सगळे बाहेर आहेत."

मग त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी खाली आणला नाही, मागच्या बाकापर्यंत जाईल असाच ठेवला.

"व्याही, तुमच्यात असली रीत नाही. शेवंतेचं बारसं मिरजेला झालं, तिच्या मामाच्या घरी. आठवीत 'माझे आजोळ' या निबंधात तिनंच लिहिलं होतं. मिरजेला खाडी कुठली?"

दोघंतिघं हसायला लागले. केरू हसला नाही. त्या थांबल्या, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला.

"आणि कोशिंबीर गाजराची आहे. सकाळी मीच किसली."